वफ्र्याच्या रस्त्यावर, लिउच्या पावाबरोबर

भोसरीतल्या घराचं फाटक, चौरस सळईचं, एकही जोड बाहेरून दिसणार नाही असं. बायकोसाठी शेवयांचं यंत्र. मुलीसाठी तीनचाकी सायकल, जिचं हँडल आजही डुगडुगत नाही. शेजारच्या मारुतीच्या देवळातली घंटेची कडी. उसाच्या रसवंतीचे दोन चरक. विळे, सुऱ्या, अडकित्ते किती ते मोजलेले नाहीत. आणि कुवेतमध्ये, १९९१च्या ऑक्टोबरात, पिंपाची एक पावभट्टी आणि एका पिकअपचा यू-बोल्ट. ही सगळी माझ्या हातची कामं. माझ्याकडे ना डिप्लोमा, ना आयटीआयचा दाखला. कुठं शिकलात असं कुणी विचारलं की मी मान जरा वर करून सांगतो, "कुठं नाही. स्वतःचं स्वतः."

यादीतली शेवटची दोन कामं एकाच प्रवासातली आहेत. प्रवास म्हणजे काय, कुवेत शहरालगतच्या सलव्यापासून दक्षिणेच्या वफ्र्याच्या शेतांपर्यंत, एका शुक्रवारचा. या ब्लॉगवर मी स्पितीबद्दल लिहिलं, कच्छबद्दल लिहिलं, पण हा प्रवास टाळत आलो, कारण त्याची लाज वाटते. परवा एका वाचकानं विचारलं, "मुलाकडे कुवेतला चाललोय, वफ्रा बघण्यासारखं आहे का?" आहे. हिवाळ्यात जा. शेतावरचे टोमॅटो, काकड्या, खजूर रस्त्याकडेला पेटीनं मिळतात, आणि हरितगृहांच्या रांगा बघून आपण वाळवंटात आहोत हे विसरायला होतं. सकाळी लवकर निघा. गाडी स्वतःची हवी, बसच्या भरवशावर राहू नका. एवढं उत्तर देऊन थांबणार होतो, पण हात थांबला नाही.

आधी लिउबद्दल सांगायला हवं.

१९९०च्या आधी मी मीना अब्दुल्लाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. कुंपणापलीकडे चिनी बांधकाम मजुरांचा कॅम्प होता आणि लिउ त्यांचा स्वयंपाकी. चाळिशीचा, उंच, केस गव्हाच्या काडासारखे, डोळे राखाडी. चिनी बोलायला लागला की बघणाऱ्याला वाटायचं, कुणी तरी मागून आवाज देतंय आणि हा नुसते ओठ हलवतोय. त्याच्या मोठ्या कढया मी डाग लावून दुरुस्त करायचो, तो मला कोबीचं लोणचं द्यायचा. बोलायचो साइटवरच्या भाषेत. थोडं हिंदी, थोडं अरबी, उरलेलं हातवारे.

ऑगस्टात इराकी सैन्य आलं आणि सगळेच पळालो. बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द. त्या प्रवासावर पुष्कळांनी लिहिलंय, मी एकच प्रसंग सांगतो. सरहद्दीवरच्या छावणीत पाण्यासाठी देशवार रांगा होत्या. आमची भारतीयांची, शेजारी चिन्यांची. हातात छडी घेतलेला एक शिपाई आला, त्यानं लिउला दंडाला धरून रांगेबाहेर काढलं.

"यू युरोप! देअर!"

"सीनी!" लिउ ओरडला. "अना सीनी!" म्हणजे मी चिनी आहे. पासपोर्ट काढून नाचवायला लागला. मागचे चिनी हसत होते. आमच्या रांगेतलेही हसले. शिपायानं पासपोर्ट पाहिला, तोंड पाहिलं, परत पासपोर्ट पाहिला आणि खांदे उडवून निघून गेला. तोवर लिउची जागा गेली होती. तो मुकाट्यानं शेवटी जाऊन उभा राहिला.

रात्री तंबूबाहेर बसून त्यानं मला सांगितलं. मला तो सदीक म्हणायचा, अरबीत दोस्त. "सदीक, बाबा इस तरफ नदी. माँ उस तरफ नदी." नदी म्हणजे अर्गुन, चीन आणि रशियाच्या मधली. थंडीत गोठते तेव्हा तिच्यावरून गाड्या जातात. बाप आतल्या चीनमधल्या शांदोंग प्रांतातून लाकूडतोडीला आलेला चिनी. आईचं घराणं रशियातल्या धुमश्चक्रीत पलीकडून इकडे आलेलं. घरात दोन्ही भाषा होत्या. लिउ लहान असताना त्या गावांतले बरेच रशियन परत पलीकडे गेले, त्यांत मावशीबरोबर त्याची मोठी बहीण न्यूरा गेली. आई नवऱ्यासाठी मागे राहिली. मग वाईट वर्षं आली. रशियन आई असणं म्हणजे हेर असणं. बापानं पोराला शिकवलं, विचारलं तर सांगायचं हान. म्हणजे अस्सल चिनी. आईनं घराबाहेर तोंड उघडणं बंद केलं. पुढं काळ निवळला, सरकारनं म्हटलं ज्याला आपली जात-जमात परत लावायची त्यानं लावावी, शेजाऱ्यांनी लावलीही. लिउनं लावली नाही. बहिणीला कधी निरोपही धाडला नाही. "मुँह बंद का आदत," तो म्हणाला.

मी त्याला म्हणालो, "समजलं." मला खरंच समजलं होतं. त्याला वाटलं मी सभ्यपणानं म्हणतोय.

मी घिसाडी आहे. गावाबाहेर पाल ठोकून, भाता फुंकून विळे-कोयते करणाऱ्यांतला. आमच्यात बाप तापलेलं लोखंड धरतो आणि घण मारते आई. माझी आई माझ्या बहिणीला पाठीशी बांधून घण मारायची. आमची आडनावं चव्हाण, पवार, साळुंके. या आडनावांचा फायदा असा की शहरात कुणी पुढं विचारत नाही, आणि विचारलंच तर नुसती मान हलवली तरी चालते. कुवेतच्या खोलीवर पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारलं होतं, "चव्हाण म्हणजे शहाण्णव कुळी ना?" मी मान हलवली. तेव्हापासून मी चव्हाण साहेब होतो. गणपतीत आरतीचं ताट पहिलं माझ्या हातात यायचं. घरची बोली मी पुटपुटतसुद्धा नव्हतो, झोपेत बोलेन म्हणून भिंतीकडं तोंड करून निजायचो.

१९९१ला युद्ध संपलं आणि मी परत गेलो. तेच वर्कशॉप, निम्मं जळालेलं. राहायला सलव्यात एका फ्लॅटमध्ये सहा मराठी माणसं. त्यांत औश्याचा जाधव, ड्रायव्हर, माझ्याहून लहान, कामसू आणि तोंडाचा फटकळ. तेलविहिरी अजून जळत होत्या आणि त्या विझवायला देशोदेशींच्या तुकड्या आल्या होत्या. एक दिवस वर्कशॉपच्या दारात चिनी तुकडीचा ट्रक थांबला आणि त्यातून लिउ उतरला. परत स्वयंपाकी.

पाण्याचे कॅन भरता भरता म्हणाला, वफ्र्याच्या रस्त्याला रशियन तुकडी उतरलीय. त्यात नदीपलीकडच्या मुलखातला एक माणूस आहे. येत्या शुक्रवारी आमचा टीम लीडर त्यांच्याकडे भेटीला जाणार, मला जेवण घेऊन बरोबर बोलावलंय. तिथं बोललो तर न्यूराला निरोप जाईल. पण बोललो तर लीडरसमोर बोलावं लागेल.

"लीडरला माहीत नाही?"

"लीडर को मालूम, मैं शांदोंग. बस."

"मग?"

"फिर भट्टी बना," तो म्हणाला. त्याला आईचा पाव न्यायचा होता. जाडजूड, आंबट, काळसर. तोंडातून शब्द नाही फुटला तरी पाव बोलेल, अशी त्याची कल्पना. खुब्झच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, बेकरीत पन्नास फिल्सला हवा तेवढा ताजा पाव मिळत होता, पण तो पाव वेगळा आणि हा वेगळा.

भट्टी कशी केली ते नीट सांगतो, कारण बाहेर कॅम्पिंग करणाऱ्यांना उपयोग होईल. पिंप पाण्याचं घ्या, तेलाचं किंवा रसायनाचं कधीही नको. आधी आत विस्तव पेटवून रंग पूर्ण जाळून टाका. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नका, त्याचा धूर विषारी. पिंपाच्या आत दुसरं लहान पिंप बसवा, मधली जागा वाळूनं भरा. कुवेतमध्ये वाळू विकत घ्यावी लागत नाही. दाराला कडेनं ओला चिखल. लिउनं आत हात घालून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि हात भाजायच्या बेतात बाहेर काढला. "ठीक," म्हणाला. आकडे म्हणत होता की प्रार्थना, मी विचारलं नाही. पहिला पाव करपला. दुसरा जमला.

शुक्रवारी निघालो. चिनी लीडरची जीप पुढे, मागे जाधवची पिकअप, तीत मी आणि लिउ, लिउच्या मांडीवर फडक्यात पाव. मी कशाला, तर भट्टीवाला म्हणून, आणि वफ्र्यात टोमॅटो स्वस्त आहेत म्हणून. दोन दिनारांत टाकी भरली. फहाहीलच्या हमरस्त्यानं दक्षिणेला, मग मीना अब्दुल्लापासून आत पश्चिमेकडं. आज हा रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे. तेव्हा भर दुपारी दिवे लावून चालवावं लागायचं. सूर्य तांब्याच्या जुन्या पैशासारखा दिसायचा. काचेवर तेलाचे बारीक ठिपके बसायचे. वायपर लावला की ते पसरून सगळंच दिसेनासं व्हायचं, म्हणून दर थोड्या वेळानं उतरून रॉकेल आणि वर्तमानपत्रानं काच पुसायची. डांबर सोडून पाऊल टाकायचं नाही, सुरुंग. लघवीसुद्धा चाकाला टेकून. उंटांची लोकर काळी झालेली. एक उंट रस्त्यात उभा राहून आमच्याकडं बघत होता.

"याला कुठल्या देशाच्या रांगेत उभा करावा?" मी विचारलं.

जाधव हसला. लिउला हिंदीत सांगितलं तर तोही हसला. त्या विनोदाचीसुद्धा मला आज लाज वाटते.

रशियनांच्या तळाच्या थोडं आधी बगलरस्त्यावर पिकअप एका खड्ड्यात आदळली आणि मागचा पाटा, म्हणजे स्प्रिंग, आसाला धरून ठेवणारा यू-बोल्ट तुटला. जीपला बांधून कशीबशी तळावर नेली. तुकडीचा म्होरक्या गेनादी, पांढऱ्या मिशांचा, हात तेलानं कोपरापर्यंत काळे. लीडरनं विचारलं, हे लोक सोव्हिएत का रशियन? गेनादी म्हणाला, "सकाळी सोव्हिएत होतो. दुपारचं रेडिओनं अजून सांगितलेलं नाही." दुभाषा होता एक, त्यानं ते दोन भाषांत फिरवलं आणि सगळे हसले.

जेवणाला फळीवर पाव ठेवला गेला. गेनादीच्या माणसानं सुरी उचलली तर लिउनं ती त्याच्या हातातून घेतली. पाव छातीशी धरला, सुरीच्या टोकानं खालच्या बाजूला फुलीची खूण केली आणि मग कापला. पडलेला चुरा तळहातावर गोळा करून तोंडात टाकला. गेनादी बघत राहिला. त्यानं रशियनमध्ये काही विचारलं. दुभाष्यानं तोंड उघडायच्या आधी लिउ बोलला.

मला रशियन येत नाही. पण आवाज ऐकू येतो. चिनी बोलताना लिउचा आवाज कपाळातून यायचा, हा आवाज पोटातून आला. दोन-तीन वाक्यं. रशियन पोरं हसायला लागली. दुभाषा मला म्हणाला, "म्हाताऱ्या बायकांची भाषा बोलतोय. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातली." गेनादीनं पोरांवर एक शब्द फेकला, पोरं गप्प झाली. मग नदीपलीकडच्या चिता भागातला तो माणूस पुढं आला, त्याच्यासमोर लिउनं गावाचं नाव घेतलं, न्यूरा म्हणाला, मावशीचं नाव म्हणाला. तो माणूस मान हलवत ऐकत होता. तळहातावर पेननं नाव लिहून घेतलं त्यानं.

चिनी लीडर पाव हातात धरून बसला होता. त्यानं चिनीत काही विचारलं. लिउ उभा राहिला. उत्तर दिलं. बोलताना मान वर होती. लीडरनं हातातल्या पावाकडं पाहिलं. मग त्यानं पावाचा तुकडा मोडला, चावला, आणि मीठ मागितलं.

नंतर लिउनं मला अर्थ सांगितला. लीडरनं विचारलं, "तू तर शांदोंगचा म्हणाला होतास." तो म्हणाला, "बाप शांदोंगचा. आई पलीकडची. मी त्या दोघांचा." बस, एवढंच.

आता माझी पाळी.

यू-बोल्ट तयार कुठून मिळणार? पण तेलाच्या साइटवर पाइपांच्या जोडाचे आटेवाले लांब स्टड पडलेले असतात. एक सरळ स्टड घेतला, गॅसच्या ज्योतीनं लाल केला, जाड पाइपाच्या तुकड्यावर वाकवला. मधला भाग पाट्यावर बसायला चपटा करायचा होता, त्याला टोले हवेत. जाधव म्हणाला, "द्या घण, मी हाणतो." मी डाव्या हातात सांडशी धरली, उजव्या हातात छोटी हातोडी. जिथं टोला हवा तिथं हातोडीची टिचकी, मग जाधवचा घण, मग ऐरणीवर माझा रिकामा ठोका, परत टिचकी. थांबायचं तेव्हा हातोडी आडवी ओढली. जाधव बरोबर थांबला. मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं. हातोडीनंच सांगितलं. काम झाल्यावर बोल्ट पाण्यात बुडवला नाही, कोरड्या वाळूत पुरला. असल्या पोलादाला पाणी दाखवलं की ते काचेसारखं तडकतं. गेनादीनं अंगठा वर केला.

जाधव घाम पुसत उभा होता. चेहरा उजळलेला.

"चव्हाण साहेब, ह्यो ठोका कुठनं शिकलात वो?"

"का?"

"आमच्या औश्याच्या भायेर घिसाड्यांची पालं पडायची बगा. बापय असाच टिचकी मारून दावायचा आन् बाई घण घालायची. पाठीला लेकरू बांधून! आमी पोरं शाळा बुडवून बगत बसायचो. सेम टु सेम! काय ती बाई, काय तिचा हात! देवाशपथ, तसलं काम परत बगितलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. कौतुक होतं. माझ्यासाठी तो सगळ्यात सोपा दरवाजा होता, उघडाच होता, आणि दोन हातांवर लिउ उभा होता, जो थोड्या वेळापूर्वी लीडरसमोर बोलला होता.

मी म्हणालो, "पुस्तकात वाचलं होतं. स्वतःचं स्वतः शिकलो."

"वा! मानलं," जाधव म्हणाला. "त्या लोकांचं रक्तात असतंय, तुमी पुस्तकातनं उचललं. मानलं बुवा."

लिउनं विचारलं, तो काय म्हणतो? मी सांगितलं, काम चांगलं झालं म्हणतो.

वफ्र्यात टोमॅटो घेतले, अर्ध्या दिनारला पेटी. काजळी बसलेली होती, धुऊन घ्यावी लागली. शेतावरच्या एका बांगलादेशी मजुरानं दोन काकड्या वर टाकल्या. परतीला अंधार होता, म्हणजे जाताना होता त्याहून थोडा जास्त. लिउ मध्ये बसला होता, मोकळा होऊन बडबडत होता. इतकी वर्षं भ्यालो आणि लीडरनं मीठ मागितलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग अचानक मला विचारलं, "सदीक, तेरा माँ? क्या काम?"

जाधवचे हात स्टिअरिंगवर होते, पण कान माझ्याकडं होते.

"घर," मी म्हणालो. "घर सांभाळते."

लिउनं माझ्या हाताकडं पाहिलं. सांडशी धरल्यानं अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा त्यालाही दिसत असणार.  त्यानं काकडी मोडून मला अर्धी दिली.

विहिरी विझल्या आणि तुकड्या निघाल्या. जायच्या आधी लिउ वर्कशॉपवर येऊन गेला. न्यूराची बातमी आली नव्हती. चिताच्या माणसानं घरी कळवलं होतं, शोध चालू होता, इतकंच. पण लीडरनं त्याला सांगितलं होतं की गावी गेल्यावर तुला रशियन म्हणून नोंद करून घ्यायची असेल तर मी शिफारस करतो. लिउला त्याचा आनंद बहीण सापडल्याइतकाच होता. भट्टी माझ्याकडं ठेवून गेला. पुढं त्याचं काय झालं, न्यूरा मिळाली का, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. शोधला तर तो परत आईबद्दल विचारेल, ही भीती.

पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आईसाठी ब्लँकेट, खजूर, सोन्याची एक पुतळी आणली. तिनं ब्लँकेट बाजूला ठेवलं आणि विचारलं, घरच्या बोलीत, "तिकडं काय घडवलंस?" मी यू-बोल्टचं सांगितलं. वाळूत पुरल्याचं सांगितलं तेव्हा तिनं मान डोलावली, तिनंच शिकवलेलं होतं ते.

"घण कुणी मारला?"

"एक जाधव म्हणून होता."

"टिचकी कळत होती त्याला?"

"कळत होती. तुझी आठवण काढली त्यानं."

"माझी?" ती हसली. "माझी कशी काढेल?"

औसा आमच्या फिरण्यातलं गाव होतं. जाधवनं बघितलेली बाई हीच असेल, नसेल, मला सांगता येत नाही. ते सांगायचं तर माझं पुस्तकाचं उत्तरही सांगावं लागलं असतं, म्हणून मी खजूर पुढं केले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग ब्लँकेटची घडी उलगडून बघायला लागली.

तर वाचकहो, वफ्रा जरूर बघा. धूर नाही आता, रस्ता चांगला आहे, टोमॅटो धुवायला लागत नाहीत. मला तिथून काय मिळालं म्हणाल तर एक भट्टी, जी मी विकत न देता तिथंच केरळी पोरांना देऊन आलो, आणि एक वाक्य, जे मी अजून वापरतो. स्वतःचं स्वतः. आई जाऊन पाच वर्षं झाली, तरी वापरतो. हे सगळं इथं लिहितोय तेही या ब्लॉगच्या टोपणनावाखाली, आणि जाधव हे वाचणार नाही अशा हिशेबानं.

गेल्या दिवाळीनंतर पुण्यातून एका प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. चुलतभावानं माझा नंबर दिला होता. भटक्या कारागिरांचा मेळा आहे, म्हणाले, तुम्ही भाता आणि ऐरण घेऊन बसा, लोकांना काम करून दाखवा, मागं तुमच्या आईचा घण मारतानाचा फोटो मोठा करून लावू, खाली नाव लिहू. चार दिवसांचे चाळीस हजार रुपये, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. मी म्हणालो, तुमची काही तरी चूक होतेय, आमच्या घरात असलं काम कुणी केलेलं नाही.